पांढऱ्या कापडाले 'येजा' म्हणत नसतात

भास्कर, उद्या तुझी तेरवी हाय.

तुझ्या पोराचा, प्रशांतचा, परवा फोन आला. म्हणे, "काका, बाबांच्या आठवणींचं पुस्तक काढून राह्यलो. तुमी त्यायचे सगळ्यात जुने दोस्त. दोन पानं लिहून द्या, बाबा कसे मोठे झाले ते." म्या हो म्हटलं. अन् सकाळपासून दुकानाच्या गादीवर कागद घेऊन बसलो तं डोकंच चालत नाही. तू कसा मोठा झाला हे मले काय माहीत लेका? मी तं सामनेच होतो. तुझं मंगरूळचं पहिलं शोरूम माझ्या दुकानापासून चार गल्ल्या सोडून, तरी मले समजलं नाही. आधी ते एक होतं, मंग कारंजाले झालं, मंग वाशीम, अकोला, यवतमाळ, अन् पुढचे म्या मोजायचेच सोडून देल्ले.

चौकात तुझा एवढा मोठा फ्लेक्स लागला की मागचा लिंब दिसत नाही. वर लिहिलं हाय 'वस्त्रसम्राट'. बाप्पा! फोटोत तू हसून राह्यला. म्या त्या चौकातून तीनदा चक्कर मारली अन् तिन्ही वेळा वाटलं, हा मलेच हसून राह्यला. कायले हसतं बे? तुले सारं माहीत असल्यासारखं हसतं, अन् इकडं माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

पोराच्या पुस्तकासाठी काहीतरी बरं लिहून देईन. त्यात तुझी जिद्द येईन, आसेगावचं तुझं मातीचं घर येईन, सायकलवर गाठोडं बांधून बाजार केले ते येईन. हे कागद मात्र तुले हायेत. तू गेला त्या दिवशी माझ्या हातून एक गोष्ट झाली, अन् ती तुझ्याशिवाय कोणाले सांगावी ते मले समजून नाही राह्यलं. दुसऱ्या कोणाले सांगितली तं म्हातारा चळला म्हणतीन.

नानासेठचं दुकान आठव. कारंजाच्या कापड लाइनीतलं ते जुनं जैनाचं दुकान, अन् त्यात नोकरीले आपण दोघं. तू आसेगावचा, मी मंगरूळचा, एकाच यष्टीनं यायचो. थान उलगडून दाखवण्यात मी बरा होतो. पण गिऱ्हाईक उठलं की राजा तू. त्यानं घेवो का न घेवो, तू पायरीपर्यंत जायचा अन् मोठ्यानं म्हणायचा, "येजा बरं! घरच्यायले घेऊन येजा!" तुझ्या त्या 'येजा'त काय होतं कोण जाणे, गेलेला माणूस कोपऱ्यावरून वापस यायचा, म्हणे बरं, ते दुसरं लुगडं दाखवा. सेठ मले चिडवायचे, "नामदेव, कापड दाखवतं तू, अन् विकते हा."

अन् सेठचा तो पांढऱ्या थानाचा कायदा. मांजरपाटाचं थान दाराजवळच्या फळीवर, हात लांबवला की यावं असं. मयतीचं कापड न्यायले आलेल्याले बसा म्हणायचं नाही. भाव करायचा नाही, तो जे पैसे ठेवन ते पाहायचे नाही. कात्री लावायची नाही, हातानं फाडायचं. देल्लेलं वापस घ्यायचं नाही, बदलून द्यायचं नाही. अन् तो निघाला की तोंडातून 'येजा' काढायचं नाही. सेठ म्हणायचे, "बाकी साऱ्यायनं परत यावं, पण ह्या कापडासाठी कोणी आपल्या दारात परत येऊ नये."

अन् तुनं नेमकं तेच काढलं. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायले जागा नव्हती. एक खेड्यावरचा माणूस आला, त्याची माय गेली होती. म्या कापड फाडून देल्लं. तो वळला, अन् तू तिकडच्या कोपऱ्यात लुगड्यायच्या घड्या करता करता, त्याच्या हातात काय हाय ते न पाहता, सवयीनं गायल्यासारखा म्हणला, "येजा बरं काका! घरच्यायले घेऊन येजा!" सेठनं कपाळाले हात लावला. तू तसाच त्याच्यामागं धावला अन् भर रस्त्यात त्याचे पाय धरले. तो बिचारा म्हणे, "जाऊ दे बाबू, बोलला तं बोलला."

आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात उभा. त्याचा भाऊ गेला होता.

तू दुकानाच्या मागं जाऊन ओकला. म्या तुले पाणी देल्लं, पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "अबे, त्याचा भाऊ आधीचाच बिमार होता. तुझ्या 'येजा'त एवढी ताकद असती तं आपलं दुकान मंगळवारी असं रिकामं राह्यलं असतं काय?" मले वाटलं हसशीन. तू हसला नाही. त्या दिवसापासून तू त्या पांढऱ्या थानाले हात लावला नाही, अन् मी समजलो की दोन महिन्यांत विसरून जाशीन. तुझ्यासोबत एवढा राह्यलो पण मले तू समजला नाही रे.

मंग आपण दोघायनं मंगरूळात भागीदारीत दुकान टाकलं. हेच, ज्याच्यात मी आता बसलो. वर्षभर बरं चाललं. अन् मंग तो दिवस. एका मोठ्या घरचा बस्ता होता. लग्नाचं सारं कापड एकाच बैठकीत, म्हणून वीस माणसं गादीवर. नवरीची माय, आत्या, मामी, साऱ्यायचे साऱ्यायकडे डोळे. तू शालू उघडून राह्यला. दारात एक माणूस येऊन उभा राह्यला. नुसतं पांढऱ्या थानाकडे पाह्यलं. अन् तू म्हणला, "नाही आपल्याकडे." थान त्याच्या डोळ्यासमोर, अन् तू म्हणतं नाही! माझं टाळकंच सरकलं. उठलो, थान ओढलं अन् फाडलं. टर्रकन आवाज झाला. नवरीच्या मायनं तोंडाले पदर लावला, अन् वीसच्या वीस माणसं चपला घालून गेली.

"बस्त्यात मयतीचं फाडतं? अक्कल हाय का तुले?" तू म्हणला.

"मंग काय त्याच्या बापानं तुझा बस्ता होईपर्यंत मरायचं थांबावं?"

"मी ते कापड दुकानात ठेवणार नाही, नाम्या."

"तं मंग मी तुले दुकानात ठेवणार नाही."

रागात बोललो बावा. माणूस रागात काय काय बोलते. तू मात्र ते खरं धरलं. वाटणीत सारे रंगीत थान तू नेले, अन् दुकान मले सोडलं, पांढऱ्यासकट. लोक म्हणे भास्कर फसला. पाहा लोक!

तेव्हापासून जो भेटन त्याले म्या एकच सांगितलं: भास्कर धंद्यापायी माणुसकी विसरला. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, यष्टीत सांगितलं, तुझ्या सासरच्यायले सांगितलं. आता वाटते, तू धंदा पाह्यत नव्हता, तू भेत होता. का दोन्ही होतं? नुसतं भेव असतं तं तू घरी बसला असता. नुसता धंदा असता तं मागं जाऊन ओकला नसता. इथं आलं की माझं डोकं गरगर फिरते, अन् मी उठून उगाच थानं झटकतो.

कारण तुझं सारं त्याच्यातूनच उभं राह्यलं. तू ठरवलं, आपण फक्त लग्नाचं विकायचं. अन् काय विकलं बापा! साखरपुड्याचे आचारी तुझे दोस्त, बँडवाले तुझे दोस्त. कोणत्या गावात कोणाचं जमलं हे नवरदेवाच्या मामाच्या आधी तुले माहीत. सकाळी गाडी दारात हजर, म्हणे बस्त्याले चला. तीस माणसं आली तं तीस माणसं. आल्या आल्या पोहे, दुपारी वरण-भात अन् वांग्याची भाजी, वरून जिलेबी. लोक म्हणे लग्नापेक्षा बस्ताच झ्याक झाला.

अन् ती रुसव्याची खोली! मले पहिल्यांदा कोणी सांगितलं तेव्हा मी दोन दिवस हसत होतो. कोणत्याही बस्त्यात एक तरी माणूस मानाच्या लुगड्यावरून रुसतेच, हे आपल्याले नानासेठकडेच समजलं होतं. म्या त्याच्यावर नुसते विनोद केले. तुनं त्याच्यासाठी खोली बांधली. कूलर, गादी, लिंबाचं सरबत, अन् एक गोड बोलणारी बाई. रुसलेल्या आत्याले तिथं न्यायचं, तिचं सारं गाऱ्हाणं ऐकायचं, अन् थोडे बरे काठ असलेलं लुगडं हळूच तिच्या हाती द्यायचं. बाहेर येताना आत्या हसत.

माझ्या पुतणीच्या लग्नात सोयरे अडून बसले, बस्ता तुझ्याकडेच पाहिजे. मी कापडवाला अन् मी तुझ्या शोरूमात! मान खाली घालून जिना चढलो. अन् तिथं कोण रुसावं? माझीच बायको. मले काही समजायच्या आत तिले त्या खोलीत नेलं. अर्ध्या घंट्यानं बाहेर आली तं चेहरा उजळलेला. मले म्हणते, "तुमच्या दुकानात मले इतकं कोणी कधी विचारलं नाही." तू वरच्या जिन्यात उभा होता. हसला नाही. मान हलवली. म्या पण हलवली. एवढंच बोलणं झालं आपलं त्या वर्षात. ते लुगडं ती अजून नेसते, अन् नेसली की मी दुसरीकडे पाहतो.

पण मले खरं कोड्यात टाकलं ते गाडीनं. एके दिवशी तुझ्या शोरूमची गाडी माझ्या दारात थांबली. तुझा ड्रायव्हर रहीमभाई उतरला, मागून एक रडवेला माणूस. "पांढरं पाहिजे यायले." म्या देल्लं. मंग आठवड्यानं पुन्हा. मंग नेहमीचंच झालं. म्या रहीमभाईले विचारलं तं म्हणे, "शेठचा हुकूम हाय. कोणी पांढरं मागितलं तं नुसतं नाही म्हणायचं नाही. गाडीत बसवून नामदेवभाऊकडे न्यायचं, अन् तिथून त्यायच्या घरापर्यंत सोडायचं."

मले असा राग आला सांगू! म्हटलं, "तुझ्या शेठले सांगजो, माझं दुकान काय त्याचं मसण हाय काय?" त्यानं सांगितलं का नाही, देव जाणे. तुझ्याकडून उत्तर आलं नाही, गाडी मात्र येत राह्यली. बायको म्हणे, "तो तुमची आठवण ठेवते." मी म्हणो, "आठवण कायची, आपली अवदसा दुसऱ्याच्या दारात टाकते." एकाच गावात होतो भास्कर. चार गल्ल्या चालून येऊन मी विचारू शकत होतो, काहून पाठवतं रे? नाही विचारलं. तू पण नाही सांगितलं. आपल्या दोघायले काय मुंग्या आल्या होत्या जिभेले?

अन् तू शेवटचा आला तो दिवस. दोन महिने झाले असतीन. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून पायी आला, हळूहळू. गादीवर टेकला. तू एवढा वाळला होता अन् मी आंधळा म्हणतो, "काय शेठ, डायटिंग करून राह्यले काय?" तू हसला. नोकरी, सेठ, यष्टी, असं काहीबाही बोललो. अन् मंग तू हात लांबवला अन् दाराजवळच्या पांढऱ्या थानावर ठेवला. अंगठ्यानं चोळून पाह्यलं.

"जाड हाय रे नाम्या. मऊ ठेवत जाय."

जन्मभर ज्यानं ह्याले हात लावला नाही तो मले शिकवते? मी फटकन म्हणलो, "मुडद्याले काय टोचते?"

"कोणाले माहीत," तू म्हणला. चहा पिला, उठला. पायरीवर थोडा थांबला. तू कायले थांबला हे मले तेव्हाच समजलं होतं, खोटं नाही बोलत. सगळ्या दुनियेले 'येजा' म्हणणारा माणूस, माझ्या तोंडून एक 'येजो' ऐकायले थांबला होता. अन् म्या मान खाली घालून मीटरपट्टी पुसली. तू गेला.

त्याच रागात म्या व्यापाऱ्याले मऊ मलमलचं एक थान सांगितलं. ठरवलं होतं, पुढच्या खेपेले आला की तोंडावर फेकीन, म्हणीन घे, पाहून घे मऊ! थान आलं, कागदात गुंडाळलेलं वरच्या फळीवर ठेवलं. तुझी वाट पाहून राह्यलो होतो, भांडायले.

त्या सकाळी दुकान झाडून उदबत्ती लावली तं गाडी आली. रहीमभाई उतरला, पण वर पाहीना. मागून प्रशांत. मले वाटलं कोणी ओळखीचं गेलं असन. आपल्या धंद्यात कोण गेलं ते विचारत नाही, पण म्या विचारलं, "कोण गेलं बेटा?"

"बाबा," म्हणला. "रात्री नागपूरले. आता आसेगावले नेऊन राह्यलो."

पुढचं म्या केलं नाही, हातायनं केलं. हात दाराजवळच्या फळीवर गेले, जाडं थान ओढलं, मापानं फाडलं, घडी केली, देल्लं. पोरगं गेलं. गाडी सुरू झाली. अन् माझी नजर वर गेली, तिथं कागदातलं मलमल. माय व माय! मऊ आणून ठेवलं होतं अन् तुले जाडंच देल्लं!

मी अनवाणी पळालो. भर बाजारात, हात वर करून, बोंबलत. "थांबा! परत या! प्रशांत, परत ये रे!" बांगड्यावाला उठून उभा राह्यला. किराणेवाला ओरडला, "नामदेवभाऊ, काय बोलून राह्यले? कोणाले बोलून राह्यले?" साऱ्या लाइनीले माहीत, ते कापड नेणाऱ्याले काय म्हणत नसतात. अन् मी घसा फाडून परत या, परत या म्हणून राह्यलो. कोपऱ्यावर गाडी थांबली.

पोरगं परत आलं. मी त्याले बस म्हणलो. देल्लेलं कापड वापस घेतलं. बदलून देल्लं. मलमल फाडायले गेलो तं काठ फाटेना, मंग कात्री लावली. नानासेठचा एक कायदा शिल्लक ठेवला नाही म्या. प्रशांतले त्यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या काउंटरवर तं पोरी साऱ्यायलेच 'पुन्हा या' म्हणतात. त्यानं कापडावर हात फिरवला अन् म्हणला, "हे चांगलं हाय काका, मऊ हाय." तिथं मात्र मले धरवलं नाही, टॉवेल तोंडात कोंबून रडलो.

मंग विचारलं. "बेटा, बाबांनी सांगितलं होतं काय? नामदेवकडूनच आणजो म्हणून?"

"नाही काका. बाबा शेवटी बोललेच नाही. मी तं कारंजातूनच घेणार होतो. रहीमचाचांनीच गाडी इकडं वळवली."

म्या रहीमभाईकडे पाह्यलं. तो म्हणे, "शेठचा हुकूमच तसा हाय ना भाऊ. पांढरं लागलं की नामदेवभाऊकडे. कोणासाठी लागन, ते कुठं सांगितलं होतं त्यायनं?"

आता तूच सांग. मी याचा अर्थ काय लावू? तू मले निवडलं, का साऱ्या गिऱ्हाइकायले पाठवायचा तसा तू पण आला? शेवटचा आला त्या दिवशी तू मऊ कापड स्वतःसाठी सांगून गेला, का तुझी नेहमीची दुकानदारी, की माल जरा बरा ठेव? रात्रंदिवस डोकं खाऊन राह्यलो. एकदा वाटते हे, एकदा वाटते ते. तुझा तो फ्लेक्स नुसता हसते.

अन् ह्यापेक्षा मोठं एक झालं, अन् तेच सांगायले हे लिहून राह्यलो. मले भेव लागलं भास्कर. त्या दिवसापासून मी पोराले रोज फोन करतो. कधी तेरवीचं विचारतो, कधी उगाच. चार दिवसांमागं म्हणला, अंगात कणकण हाय. दुसऱ्या दिवशी म्हणे, काही नाही काका, सर्दी होती. पण आठ दिवस होईपर्यंत म्या एकेक दिवस कसा काढला ते मले माहीत. आठ झाले, बारा झाले, तरी जीव थाऱ्यावर नाही. आज तो म्हणला, "काका, तुमी रोज रोज फोन कायले करता?" त्याले काय सांगू?

तेव्हा तुले दुकानामागं पाणी देऊन म्या मोठा शहाणपणा शिकवला होता, की तुझ्या 'येजा'त एवढी ताकद नाही. आता मले ते सांगणारा कोण उरला? तू हे भेव घेऊन एवढी वर्षं जगला, त्याच्यावर एवढे शोरूम बांधले, अन् मी गावभर तुले मतलबी म्हणत फिरलो. चुकलं माझं. हे तोंडावर म्हणायले पाहिजे होतं.

म्हणून ऐक. लय विचार करून हे लिहून देऊन राह्यलो, नानासेठ तिकडं भेटले तं त्यायलेही दाखवजो. त्या दिवशी बाजारात मी जे बोंबललो ते पोराले नव्हतं. तू पायरीवर थांबला होता तेव्हाचं ते माझ्या तोंडात अडकून राह्यलेलं होतं, ते त्या दिवशी बाहेर पडलं. ते बोलावणं तुझं हाय. पोराच्या नावावरून काढ अन् तुझ्या नावावर घे.

उद्या मी तेरवीले आसेगावले येतो. परवापासून दुकान नेहमीसारखं उघडं हाय. दाराजवळच्या फळीवर आता मऊ थान हाय, येऊन हात लावून पाहाजो, अन् जाड वाटलं तं भांडजो.

येजो बरं भास्कर. घरच्यायले आणू नको. एकटाच येजो.